कदम की साळवी

उत्साहाच्या भरात मी कुणाला काय कबूल करीन याचा नेम नाही. कॉलेजात असताना एकाच दिवशीच्या दोन लग्नांना येण्याचा शब्द दिला होता, एक सांगलीला आणि एक अलिबागला, आणि शेवटी ताप आल्याचं सोंग करून घरी पडून राहिले होते. पण पोटच्या मुलीचं नाव आईला एक आणि बाबांना दुसरंच कबूल करून बसायचं, आणि बारसं तीन दिवसांवर येईपर्यंत दोघांना एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही, हा माझा आजवरचा सगळ्यात मोठा पराक्रम.

सुरुवात ऑफिसात झाली. कोलकात्यात न्यू टाउनमधल्या ज्या कंपनीत मी काम करते तिथे आमच्या कामाची वरिष्ठ एक अमेरिकन बाई आहे. ती तिकडे, आम्ही इकडे, रोज संध्याकाळी कॉलवर भेट. तिचं पहिलं नाव ऐकलं की ते आडनावच वाटावं असं. पहिले दोन महिने मी बिचारीला आडनावानं हाक मारतेय अशा समजुतीनं ओशाळत होते. एकदा काम लवकर आटपलं, गप्पा निघाल्या, आणि तिनं सांगितलं की ते तिच्या आईचं माहेरचं आडनाव. त्यांच्याकडे मुलींना असं नाव ठेवायची पद्धत आहे म्हणे. मला तेव्हा चौथा महिना होता. कॉल संपल्यासंपल्या मी नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, मुलगी झाली तर नाव सापडलंय, फक्त कुठलं ते ठरायचंय.

मला हे इतकं का पटलं ते सांगते. आपल्याकडे बाईचं नाव तीन मजली. तळाला आडनाव, मधे बाप नाहीतर नवरा, आणि वर एवढीशी गच्ची तिची स्वतःची. लग्न झालं की खालचे दोन मजले बदलतात. आईकडचं तर काहीच कुठल्या मजल्यावर नसतं. मग जे आडनाव जपायचंय ते सरळ गच्चीवरच नेऊन ठेवावं, तिथे हल्ली तरी कुणी हात लावत नाही. मुलीला नवऱ्याचं नाव आणि त्याचं आडनाव मिळणारच होतं. पुढचं नाव माझ्या बाजूचं. माझ्या बाजूला आडनावं दोन, बाबांचं कदम आणि आईच्या माहेरचं साळवी.

नवरा शांत माणूस आहे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून बदली होऊन तो कोलकात्यात आला, आणि ज्या शहरात बदली होईल तिथलं जेवण पहिल्या आठवड्यात आवडायला लागणाऱ्या लोकांपैकी तो आहे. त्यानं दोन्ही नावं दोन-दोनदा म्हणून पाहिली. कदम म्हटलं की पोलीस स्टेशन आठवतं आणि साळवी म्हटलं की बँकेतला काउंटर, असं त्याचं मत पडलं. मी म्हटलं, ते महाराष्ट्रात. इथे कुणाला काय आठवतंय? इथल्या लोकांना कदम म्हणजे पावसाळ्यात येणारं गोल केशरी फूल, आणि साळवी तर हल्लीच्या मुलींच्या नावांत सहज खपून जाईल. मग त्यानं माझ्याकडे बघून विचारलं की दोन्ही चांगली आहेत तर ठरवायचं कसं. त्याच्या त्या प्रश्नाकडे मी जरा लक्ष दिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

पाचव्या महिन्यात बाबांचा फोन आला. माझे बाबा साताऱ्याच्या बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये पेंटर होते. बसवर लावायच्या गावांच्या पाट्या ते रंगवायचे. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी आपल्या गावाचं नाव पहिल्यांदा वाचलं ते बाबांच्या अक्षरात. बोलायला मात्र अगदी कंजूष. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की घराला रंग दिला, आणि दारावरची नावाची पाटी काढली होती ती परत लावली नाही, कारण आता आमच्यामागं तिथं राहणार कोण कदम. तक्रार नव्हती, हवापाण्यासारखं सांगून टाकलं. आम्ही दोघी बहिणी, दोघींची लग्नं झालेली. मला भडभडून आलं आणि मी बोलून गेले की बाबा, मुलगी झाली तर तिचं नावच कदम ठेवते. मग ते म्हणाले, "पाळण्यावरची पाटी मी रंगवीन." आणि फोन ठेवून दिला.

मी बजावायला विसरले नाही की बारशापर्यंत हे कुणाला सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही. ही शिकवण आईचीच. बाळाचं नाव आधी फोडायचं नाही, पहिल्यांदा ते आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं आणि मग जगाला. बाबांनी शब्द पाळला. आधी एका घरात राहून, एका ताटलीतली भजी खाऊन, आणि आई माझ्याकडे आल्यावर फोनवर, चार महिने त्यांनी आईला पत्ता लागू दिला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माझी डॉक्टर इथली, नवऱ्याची नोकरी इथली, म्हणून निम्मं माहेरच इकडे आलं. आई दीड महिना आधी येऊन दाखल झाली. तिला बंगाली येत नाही आणि हिंदी येतं असा तिचा समज आहे. तेवढ्यावर तिनं आठवड्यात आमच्या इमारतीतल्या चार बायका, भाजीवाला आणि लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस एवढ्यांशी ओळख केली.

डिसेंबरातल्या एका सकाळी मुलगी झाली. मी आनंदानं इतकी बडबडत होते की नर्सनं मला दोनदा गप्प बसायला सांगितलं. दुपारी आई बाळाला घेऊन खिडकीजवळ बसली होती. बराच वेळ न्याहाळून म्हणाली, "कपाळ साळव्यांचं आहे हिचं." एवढंच. पण मी चमकले. बत्तीस वर्षांत मी आईच्या तोंडून तो शब्द ऐकल्याचं आठवत नव्हतं. मामाकडे जायचं, आजोळी जायचं, असं आम्ही म्हणायचो. साळवी हे मामाचं आडनाव होतं, आजोबांचं होतं. ते आईचंही होतं हे मला माहीत असूनसुद्धा कधी लक्षात आलं नव्हतं. तिला विचारलं, तर हसून म्हणाली की आता त्याचं काय, रेशनकार्डावर मी कदम, आधारवर कदम, देवळातल्या पावतीवर कदम. बाळाच्या कपाळावरून तिनं बोट फिरवलं. आणि मी, टाके घातलेले, डोळ्यांत पाणी, म्हणाले, "आई, हिचं नाव साळवी ठेवायचं."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी औषधाच्या गुंगीत आहे. मग तिला कळलं की मी शुद्धीवर आहे. तिनं बाळाला जरा वर उचललं, नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्याच क्षणी मला दटावलं की बारशाच्या आधी कुणापुढे बोलू नकोस, तुझ्या बाबांपुढे तर मुळीच नको. त्यांच्या पोटात काही राहत नाही, असं ती म्हणाली. चार महिने त्यांच्या पोटात काय राहिलंय ते मला आठवलं आणि आनंदाचा भर ओसरला.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हे विशेष. त्यानं फक्त विचारलं की आता यातलं खोटं कुठलं. मी म्हटलं, दोन्ही खरी आहेत, हीच तर पंचाईत आहे. पुढचा आठवडाभर मी सकाळी बाळाला कदम म्हणत होते आणि दुपारी साळवी. मला एकटीला दोन्ही नावांचा भलता आनंद होत होता. तिच्या मुठीत माझं बोट असलं की वाटायचं, ही कुठलंही नाव पेलेल. दुपट्याच्या कडेला आई मान खाली घालून काहीतरी शिवत बसायची आणि मी आत गेले की झाकून ठेवायची. मी विचारायची हिंमत केली नाही. पाटीचं काय झालं हे बाबांनाही विचारलं नाही. बारसं बाराव्या दिवशी होतं, आणि मधल्या काळात काहीतरी आपोआप सुटेल अशी माझी श्रद्धा होती.

नवव्या दिवशी बाबा आले. आयुष्यातलं पहिलं विमान. नवरा त्यांना आणायला दमदम विमानतळावर गेला. बाबांनी बॅग त्याच्या हातात दिलीच नाही, गाडीत मांडीवर घेऊन बसले. घरात आले, हातपाय धुतले, बाळाला पाहिलं, आणि तिच्याकडे बघत इतका वेळ उभे राहिले की आईनंच त्यांना खुर्ची दिली. मग त्यांनी बॅग उघडली. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली पत्र्याची पाटी काढली आणि सोफ्यावर, सगळ्यांना दिसेल अशी, टेकवून ठेवली. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, काळी सावली दिलेली, जशी ते बसच्या पाट्यांना द्यायचे. कदम.

त्यांचा आनंद मी विसरू शकत नाही. गप्प राहायचं व्रत चार महिन्यांनी सुटलं होतं आणि त्यांना एकदम खूप बोलायचं होतं. रंग कुठला, पत्रा कुठल्या गॅरेजमधून मिळाला, दकाराचं पोट तीनदा पुसून काढलं, सगळं सांगत होते. बारशाच्या आधीच उघडली खरी, पण आता घरातलीच माणसं आहेत, असं म्हणाले. आई पाटीकडे बघत होती. "छान आलीयत अक्षरं," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

मी पाटीकडे बघेना, आईच्या पाठीकडे बघेना. स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता, नेहमीसारखाच. ती काही बोलणार नव्हती. तिनं जन्मभर जे केलं तेच ती करणार होती, आणि ते दुपटं कुठेतरी ट्रंकेच्या तळाशी गेलं असतं. मला माझाच इतका राग आला की चहा समोर आल्याबरोबर मी सगळं ओकून टाकलं. बाबांना काय म्हटलं होतं, आईला काय म्हटलं होतं, कधी, कुठे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला लहानपणापासून म्हणत आलीय. त्या दिवशी तिनं तेही म्हटलं नाही.

बाबा आधी माझ्यावर चिडले, आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी आपली बाजू मांडली. शांतपणे मांडली, त्यामुळे जास्त लागली. साळव्यांना मुलगे आहेत, नातू आहेत. मुंबईत दोन घरांच्या दारावर ते आडनाव आहे. ते कुठं चाललंय? थांबतंय ते माझं. आणि शेवटी आईकडे न बघता म्हणाले, "तिनं तर तिचं लग्नातच सोडलं. मी माझं सोडलेलं नाही."

आई कप विसळायला उचलत होती. तिनं ते खाली ठेवले.

"मी सोडलं नाही," ती म्हणाली. "विचारलंच कुणी?"

तिचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ आहे का विचारावं तसं ती बोलली, आणि कप घेऊन आत गेली. बाबा पायात चपला सरकवून खाली गेले. आमच्या इमारतीसमोर रुंद फुटपाथ आहे आणि त्यावर संध्याकाळी चालणाऱ्यांची रांग असते. सातव्या मजल्यावरून मी बघत होते. स्वेटर, मफलर आणि माकडटोप्या घातलेल्या बंगाली आजोबांच्या रांगेत माझे बाबा नुसत्या शर्टावर चालत होते, तीन फेऱ्या, चार फेऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मासिमा, म्हणजे इकडच्या मावशी, आल्या. नव्या गुळाचे संदेश, इथली छेन्याची मिठाई, घेऊन त्या बाळाला बघायला रोजच यायच्या, आणि रोज एकच प्रश्न विचारायच्या, "डाकनाम की होबे?" म्हणजे घरात हाक मारायचं नाव काय. इथे प्रत्येकाला दोन नावं असतात, एक शाळेत आणि सहीला, एक घरात. माझ्या पोटात काही राहत नाही हे आतापर्यंत कळलंच असेल. त्यांना मी पेच सांगितला, नावं न फोडता, एक बाबांकडचं आणि एक आईकडचं एवढंच. मासिमांना तो पेचच वाटला नाही. एक बाहेर ठेवा, एक घरात ठेवा, दोघंही खूश. नवऱ्याचा चेहरा उजळला. खरं सांगायचं तर माझाही. पाच मिनिटं मला वाटत होतं की सुटलो, या शहरानं वाचवलं.

मग मी विचार करायला लागले की बाहेर कुठलं आणि घरात कुठलं. कदम बाहेर, दाखल्यावर, आणि साळवी घरातल्या घरात, असं केलं तर आईचं पुन्हा तेच होणार होतं जे इतकी वर्षं झालं. उलटं केलं तर सहीला साळवी आणि दुपट्यात कदम. बाबांच्या लाल अक्षरांना लाडाचं नाव करून टाकायचं. ते त्यांना चाललं नसतं, आणि चालवून घ्या असं सांगण्यात माझा पळपुटेपणा होता. मी दोन शब्द दिले होते. त्यातला एक मोडायचा होता आणि तो कुणाच्या तरी तोंडावर मोडायचा होता. ताप आल्याचं सोंग या वेळी चालणार नव्हतं.

बाबा बाल्कनीत बसले होते. मी बाळाला घेऊन त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "बाबा, तुम्हाला दिलेला शब्द मी मोडतेय. नाव साळवी ठेवणार आहे." कारण सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. कारण त्यांनी आदल्या दिवशी ऐकलं होतं. खालच्या रस्त्यावरून एक बस गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मला रडू येत होतं, पण मी बाळाकडे बघून ते गिळलं. हा निर्णय माझा होता, त्यात रडून त्यांची मदत मागणं बरं दिसलं नसतं.

"मोड," शेवटी ते म्हणाले. "पण पाटी मीच रंगवणार."

त्या दिवशी दुपारी नवरा आणि बाबा पाळणा आणायला सियालदहकडच्या बाजारात गेले. कोलकात्यात आपल्यासारखा टांगायचा लाकडी पाळणा मिळवणं सोपं नाही, पण कुणीतरी कुणाच्या तरी ओळखीचा सुतार सांगितला होता. पाळण्याबरोबर बाबांनी रंगाच्या दोन डब्या, टर्पेंटाइन आणि एक बारीक ब्रश आणला. दुकानदाराशी ते साताऱ्याच्या मराठीत बोलले आणि दुकानदार बंगालीत, आणि ब्रशाचे केस बघून दोघांचं जमलं, असं नवऱ्यानं सांगितलं. घरी येऊन त्यांनी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं. मला वाटलं कदम खरवडून काढणार. त्यांनी पाटी उलटी केली आणि पाठीमागच्या कोऱ्या पत्र्यावर पिवळा रंग द्यायला घेतला. बसच्या पाट्या अशाच असायच्या, मला आठवलं, जाताना एक गाव आणि परतताना दुसरं.

पिवळी जमीन सुकल्यावर त्यांनी खडूनं रेघा मारल्या. मग थांबले. आईला बाहेर बोलावून विचारलं की तुझ्या वडिलांच्या दारावर नाव कसं लिहिलेलं होतं. आईनं सांगितलं की दारावर नव्हतं, नारळांचा हिशेब ठेवायच्या फळीवर कोळशानं असायचं. बाबा म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली. हा शब्द मी आजवर एकदाही लिहिलेला नाही." हजारो गावं लिहिलेला माणूस. आई उभीच राहिली, त्यांचा साळवी पूर्ण होईपर्यंत. दुपट्यावर तिनं तेच नाव निळ्या दोऱ्यानं भरलं होतं, ते तिनं त्यांना तेव्हाच दाखवलं.

अकराव्या दिवशी नागपूरहून नणंद आली. नवऱ्याचे आई-वडील नाहीत, या ताईंनीच त्याला वाढवलंय, आणि भावाच्या मुलीच्या कानात नाव सांगण्याचा मान त्यांचा. तेव्हा नाव त्यांना सांगणं भाग होतं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या की वहिनी, कानात आडनाव सांगायचं म्हणजे बाळाला नोकरीवर रुजू करून घेतल्यासारखं वाटेल. दिवसभर त्या कुरकुरल्या. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यांनी आईकडून सगळा इतिहास काढून घेतला होता, आणि मग माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाल्या की मला मोठ्यानं सांगायला आवडेल.

बारशाला आमची बैठकीची खोली फुटायची बाकी होती. ऑफिसातल्या मुली, नवऱ्याच्या कार्यालयातली तीन मराठी कुटुंबं, इमारतीतल्या बायका. आईनं घुगऱ्या केल्या होत्या. भिजवलेल्या हरभऱ्यांच्या घुगऱ्या बघून मासिमांनी ही तर आमची घुगनी असं जाहीर केलं, आणि ओल्या खोबऱ्यावरून दोघींचा हातवारे करून वाद झाला. पाळण्याला झेंडूच्या माळा, डोक्याशी पाटी. आईला मी तीनदा बाहेर येऊन बसायला सांगितलं, पण घुगऱ्यांचं दुसरं पातेलं गॅसवर होतं आणि ते ती कुणावर सोडायला तयार नव्हती.

ताई पाळण्यात वाकल्या. कुर्र म्हटलं आणि बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. या पद्धतीची बंगाली बायकांना कल्पना नव्हती, पण एकदा कळल्यावर त्यांनी ती आपलीच करून टाकली. मासिमांचा हात चांगलाच जड होता. चौथ्या कुर्रनंतर ताई कशाबशा सरळ झाल्या, केस नीट केले, आणि नागपुरी खणखणीत आवाजात, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "साळवी!"

"आले," आतून आई म्हणाली.

आणि खरोखरच आली. हातात झारा, पदर खोचलेला, जरा धावतच. दारात आल्यावर तिनं आमच्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, आणि काय झालं ते तिच्या ध्यानात आलं. ती इतकी लाजली की मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. कुणाला काही समजत नव्हतं. मग तिनं, झाऱ्याशी चाळा करत, सांगितलं की शाळेत ती खो-खो खेळायची. मैदानावर बाई सगळ्यांना आडनावानं हाक मारायच्या, आणि पाठीमागून साळवी ऐकू आलं की उठून पळायचंच, विचार करायचा नाही. शाळा सुटली, लग्न झालं, नंतर तशी हाक कुणी मारली नाही. सवय राहिली असेल, म्हणाली.

हे तिनं आम्हा दोघी बहिणींना कधी सांगितलं नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांनाही नाही. ते पाळण्याच्या दोरीपाशी उभे होते. त्यांनी तिला लग्नापासून आजतागायत फक्त अगं म्हटलं होतं. त्यांनी घसा साफ केला, एकदा पाटीकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"साळवी," ते म्हणाले, "घुगऱ्या खाली लागतायत."

आणि आई पळाली.